छाजेडांची अठ्ठाईवाली

धुळ्यात आग्रा रोडवर छाजेडांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. तिथं आधी आवाज ऐकू येतो, मग माणसं दिसतात. खाली गादी, भिंतीभर पराती आणि डोक्यावर लाकडी माळा. माळ्यावर तोताराम. गिऱ्हाइकानं मोठा डबा मागितला की खालून हाक जाते, "तोताराम, कडीचा डबा, मोठा." आणि वरून डबा येतो. शिडीवरून नव्हे, हवेतून. खाली उभा असलेला माणूस तो झेलतो, फडक्यानं पुसतो आणि गिऱ्हाइकापुढं ठेवतो. बाहेरगावचं नवखं गिऱ्हाईक पहिल्या वेळी दोन्ही हात डोक्यावर घेतं. आपल्याकडचं गिऱ्हाईक मान वर न करता, झाकण घट्ट बसतं का, एवढंच विचारतं.

या दुकानाचा कायदा एकच. भांडं जमिनीला लागता कामा नये. दुकानाचे मालक रतनलालजी, म्हणजे आमचे रतनशेठ, सांगतात, "भांड्याचं नि माणसाचं सारखंच. एकदा पोचा आला की भाव नंतर, आधी सगळे बोट ठेवून विचारतात, इथं काय झालं?"

विधी ही रतनशेठची नात. शाळेतून आली की दप्तर गादीवर टाकायची आणि माळ्याखाली उभी राहायची. आधी पेले, मग तांबे, मग पातेली. सातवीत गेली तोवर तोताराम तिच्याकडं दोन हातांनी दोन भांडी एकदम सोडत असे, आणि ती एकीकडं गिऱ्हाइकाशी बोलत दोन्ही झेलत असे. तिची उंची कुठून आली हे छाजेडांना आजवर कळलेलं नाही. घरातली झाडून सगळी माणसं गादीवर बसायच्या मापाची. नववीत विधी वडिलांच्या, पारसभाऊंच्या, डोक्यावरून पलीकडचं बघायला लागली तेव्हा घरात दर वर्षी दाराच्या चौकटीशी उभं करून मापणं बंद झालं. माहीत नसलेलं बरं, असं ठरलं असावं.

एक दिवस पंडित नाना दुकानात आले. हे शाळेत खेळाचे मास्तर. शाळेच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून स्टीलचे पेले द्यायचे होते आणि त्यावर नावं कोरून हवी होती. नाना पेले विसरले आणि विधीकडं बघत राहिले. तोतारामनं वरून कळशी सोडली, ती विधीनं एका हातानं, पाठ फिरवता फिरवता घेतली.

"शेठ, ही पोर कोनी शे?" नानांनी विचारलं.

"आमची. पारसची."

"माले द्या."

रतनशेठ दचकले. मुलगी नववीत, मास्तर पन्नाशीचे. मग नानांनी दोन्ही हातांनी हवेत गोल काढून दाखवला आणि बास्केटबॉल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. पण खाली पडला तर चालतो का?"

"पाडनाच पडस शेठ. टप्पा देवा लागस."

"मग त्यात काय विशेष?" शेठ म्हणाले. पण नात दिली. संध्याकाळी दोन तास, आणि दुकानात गर्दी नसेल तेव्हा.

धुळ्यात मुलीनं बास्केटबॉल खेळायचं म्हणजे आधी झाडू मारायचा. आमच्या गावाला वारा फार. सकाळी झाडलेलं सिमेंटचं मैदान संध्याकाळी वाळूनं भरतं, आणि वाळूवर बूट घसरतो. लग्नसराईत त्याच मैदानावर मांडव पडे आणि बॉल टाकायच्या दोन्ही कड्यांना दिव्यांच्या माळा बांधत. एकदा एका लग्नात जेवणाची पंगत उठेपर्यंत नानांनी पोरी भिंतीशी उभ्या ठेवल्या, मग मांडवाच्या खांबांमधून त्यांना नागमोडी पळवलं. वरपक्षाच्या एका पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं कार्यक्रम आहे.

दिपमाला याच मैदानावर विधीला भेटली. ती पिंपळनेरकडची, शेतकऱ्याची मुलगी, शिकायला मावशीकडं राहिलेली. उंचीनं विधीएवढीच, पण विधी म्हणजे उदबत्ती आणि दिपमाला म्हणजे खांब. दोघींचं असं जुळलं की दिपमाला न बघता बॉल मागं फेकायची आणि विधी तिथं असायचीच. नाना म्हणायचे, "ह्या दोन पोरी नहीत. एक पोर शे, चार हातनी."

अडचण सूर्याची होती. छाजेडांच्या घरी सूर्य मावळल्यावर जेवण नाही. पाण्यापुरती सूट विधीच्या आईनं, चेलनाभाभींनी, मुलगी खेळते म्हणून काढून दिली होती. त्यापुढं काही नाही, आणि कंदमुळं तर नाहीतच. आता बास्केटबॉल हा खेळ अगदी बिनधर्माचा. त्याचे सराव संध्याकाळी आणि सामने दिवे लावून. शिबिरात पोरी घामाघूम होऊन आल्या की बटाट्याच्या भाजीवर तुटून पडत आणि विधी बाजूला बसून बूट पुसत असे. तिचा डबा सूर्यास्ताआधीचा. म्हणजे भरल्या पोटी पळायचं आणि रिकाम्या पोटी झोपायचं. दीपनगरच्या वसाहतीत एकदा सामने होते. विद्युत केंद्राची वसाहत असल्यामुळं तिथं दिव्यांना तोटा नाही. पहिल्या सामन्याला ऊन होतं, त्यात विधीनं सगळी टीम एकटीनं ओढली. अंतिम सामना दिव्यांत झाला. त्यात शेवटी शेवटी तिचे पाय जड होत गेले.

"दिन बुडना का हाई पोर बुडस," नाना कपाळाला हात लावून म्हणाले.

"ठेपले उरले का?" दिपमालानं विचारलं. तिचं लक्ष विधीच्या डब्यावर असायचं. सूर्यास्ताआधीचं विधीच्या धर्मात बसत होतं, नंतर उरलेलं दिपमालाच्या पोटात.

अशी वर्षं गेली. जिल्हा झाला, विभाग झाला, राज्य झालं. घरात पदकं आली ती चेलनाभाभींनी कपाटात, लग्नाच्या साड्यांखाली ठेवली. बी.कॉम. झालं, एम.कॉम. झालं. खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्या निघतात असं सगळे सांगायचे. पण निघाल्या की त्यात कुस्ती असे, कबड्डी असे, धावणं असे. बास्केटबॉलच्या बायकांच्या जागा दोन वर्षं नाही निघाल्या. तिसऱ्या वर्षी निघाल्या त्या इतक्या थोड्या, की मोठ्या शहरांतल्या मुलींनाच पुरल्या नाहीत. दरम्यान विधीला स्थळं येत. बसून काढलेला फोटो पाठवायचा असं घरात ठरलं होतं. मुलाकडची मंडळी यायची, विधी चहा घेऊन उभी राहिली की मुलगा आपसूक ताठ बसायचा आणि मग आठ दिवसांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप यायचा.

विधीनं चोविसावं ओलांडलं तेव्हा बातमी आली की मुलींची बास्केटबॉलची लीग निघते आहे. पगार, करार, टीव्हीवर सामने, सगळं. पुण्याच्या संघाची निवड दिवाळीनंतर होती. नानांनी विधी आणि दिपमाला, दोघींची नावं पाठवली आणि मग विधीला गाठून खरं ते सांगितलं. हाच दरवाजा आहे. पुढच्या वर्षी सतरा-अठराच्या पोरी येतील, तेव्हा पंचविशीच्या बाईकडं कोणी बघणार नाही.

म्हणजे आता एकच प्रश्न उरला. रतनशेठ सोडतील का?

शेठनी विधीला खेळताना कधी पाहिलेलंच नव्हतं. वैर नव्हतं त्यात. खेळायच्या वेळी दुकान उघडं असायचं, एवढंच. नातीनं परगावी राहायचं, पगार घेऊन खेळायचं, हे ऐकून ते बराच वेळ परातीवरचं आपलं प्रतिबिंब बघत बसले. मग म्हणाले, "जायचं तर जा. पण आधी या पर्युषणात अठ्ठाई कर. तू आठ दिवस निभावलंस, तर मी समजेन की मुलगी कुठंही एकटी राहू शकते. मग मी स्वतः तुला पुण्याला घेऊन जातो."

अठ्ठाई म्हणजे आठ दिवस अन्न नाही. उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस आहे तोवर. शेठच्या आईनंतर छाजेडांच्या घरात ती कोणी केली नव्हती आणि ही गोष्ट शेठना फार लागून राहिली होती. आदल्या वर्षी विधीचा भाऊ अर्पित बसला होता. तिसऱ्या दिवशी जैन स्थानकात सगळे त्याची चौकशी करत होते, तेव्हा त्याच्या हाताला शेवभाजीचा वास आला. तोही कांद्यासकट. शेठ आठवडाभर दुकानात कोणाशी बोलले नव्हते.

विधीनं हिशेब केला. पर्युषण श्रावण-भाद्रपदात, निवड दिवाळीनंतर. मध्ये दोन महिने. आठ दिवसांत गेलेलं अंग तेवढ्यात भरून येईल. ती हो म्हणाली. त्या घरातल्या कोणाही शहाण्या मुलीनं हेच केलं असतं.

पहिले दोन दिवस डोकं दुखलं. तिसऱ्या दिवशी उलट्या झाल्या. चौथ्या दिवसापासून अंग हलकं वाटायला लागलं आणि बायका घरी येऊन तपाची गाणी म्हणायला लागल्या. येणारा प्रत्येक जण हात जोडून विचारायचा, "साता आहे ना?" म्हणजे बरं आहे ना, सुखरूप ना. उपवास रोज सकाळी स्थानकात जाऊन एकेकच घ्यायचा असतो. पुढचा घ्यायचा की नाही, हे दर सकाळी आपल्या हातात असतं.

पाचव्या सकाळी ती स्थानकातून परत आली तर ओट्यावर नाना बसलेले. त्यांनी चपलाही काढल्या नव्हत्या.

"निवड अलीकडं आनी त्यास्नी," नाना म्हणाले. "हॉल नही भेटत दिवाळीना मांगे. पर्युषण सरनं का तिसरा रोज."

विधी भिंतीला टेकली.

"बेटा, आज खाय ले," नाना म्हणाले. "आते बी येळ शे. देव काय बॉल झेलाले येत नही."

चेलनाभाभी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजचा घेतलाय, तो होऊ दे. पाच झाले की मी उद्या सकाळी मुगाचं पाणी ठेवते. पाच काही थोडे नाहीत. दादाजींना मी सांगते."

पण सांगायची वेळ आली नाही, कारण दादाजीच आले. बरोबर मांडववाला होता आणि हातात छापून आलेल्या पारण्याच्या पत्रिकांचा गठ्ठा. पत्रिकेवर मधोमध, फुलांच्या चौकटीत, विधीचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव इतकं मोठं छापलं गेलं होतं. पेपरात एकदा आलं होतं, ते 'धुळ्याच्या एका खेळाडूने' असं.

"दादाजी," विधी म्हणाली, "निवड अलीकडं आली. पाचावर थांबले तर?"

रतनशेठनी गठ्ठा खाली ठेवला. हा माणूस वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. "थांब की," ते म्हणाले. "तपात जबरदस्ती नसते, बेटा." मग त्यांना वाटलं, वातावरण फार जड झालं. दुकानदार माणूस, गिऱ्हाइकाला हसवायची सवय. म्हणाले, "फक्त ठरल्याप्रमाणं होईल हं. आठ केलेस तर पुण्यापर्यंत येतो. पाच केलेस तर संगमनेरपर्यंत सोडीन."

मांडववाला हसला. अर्पित हसला. चेलनाभाभीही पदराआड हसल्या. विधीही हसली. नानांना कोणी चहा विचारला नव्हता, ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्थानकात गेली आणि सहावा उपवास घेतला.

आठव्या दिवसानंतर मिरवणूक निघाली. बग्गी होती, बँड होता. विधी भरजरी साडीत, मेंदीच्या हातांनी, दोन्हीकडून आत्यांनी धरलेली. बग्गी मैदानावरून गेली तेव्हा नाना पोरींना घेऊन कडेला उभे होते. टाळ्या वाजवायच्या की हात जोडायचे, हे पोरींना कळेना. दिपमाला बग्गीच्या चाकाजवळून चालत राहिली आणि वर बघून हळूच म्हणाली, "मी जेवीसन पदकं आनी, माले कोनी इचारं नही. तू न जेवता बग्गीमा बसनी."

विधी इतकी हसली की आत्यांना वाटलं चक्कर आली. तिला त्यानंतर तसं हसताना मी पाहिलेलं नाही.

रतनशेठ मिरवणुकीच्या पुढं चालत होते. समोरच्या चहावाल्यापासून ते भरचौकातल्या हवालदारापर्यंत सगळ्यांना सांगत होते, "माझी नात. आठ." जी मुलगी आठ वर्षं महाराष्ट्रभर खेळून आली तिची ओळख गावाला त्या दिवशी झाली.

पारणं झालं. मुगाचं पाणी, मग राबडी, मग मऊ खिचडी. अंगात जायला अन्नालाही वेळ लागतो. आणि शेठनी शब्द पाळला. पहिल्यांदा आयुष्यात दुकान मुलावर सोडून, पांढरं शुभ्र धोतर नेसून, विधीला आणि दिपमालाला घेऊन ते पुण्याला गेले. संगमनेर आलं तेव्हा ते झोपलेले होते. विधी जागी होती, असं दिपमाला सांगते. पुढचं सगळं मला तिच्याकडूनच कळलं.

हॉलची जमीन लाकडी होती. वाळूचा कण नाही. दोघी आधी वाकून हात लावून बघत बसल्या. भारतभरच्या मुली आल्या होत्या. पहिल्यांदा पळायचं होतं, शिट्टी वाजायच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि शिट्ट्या जवळ जवळ येत जातात. विधी धुळ्याच्या मैदानात यात कधी कोणाला पुढं जाऊ देत नसे. त्या दिवशी ती सुरुवातीलाच बाहेर पडली आणि भिंतीला धरून उभी राहिली. दिपमालानं तिला पाणी दिलं तर पेला दातांवर वाजत होता.

मग सामना. दोघी एकाच संघात आल्या. रतनशेठ पहिल्या रांगेत, खुर्चीवर मांडी घालून बसलेले. शेजारच्या माणसाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, ती उंच, तिकडची, ती आमची.

दिपमालाला बॉल मिळाला. तिनं नेहमीसारखा, न बघता मागं सोडला. विधी तिथं होती. हात वर गेले, बॉल हातांत आला आणि निसटला.

"माले वाटनं, फेकाले माझंच चुकनं," दिपमाला मला म्हणाली. "म्हनून परत तसाच दिना." तोही निसटला. तिसऱ्यांदा तिनं बघून, हळू, लहान मुलीला द्यावा तसा दिला. तो विधीच्या मेंदी उतरत आलेल्या बोटांना लागून खाली पडला आणि घरंगळत रतनशेठच्या खुर्चीपाशी गेला.

शेठ खाली वाकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो बॉल उचलला, दोन्ही हातांनी, काठोकाठ भरलेलं भांडं उचलावं तसा. कोणाकडं द्यायचा ते कळेना. खेळ थांबला होता. विधी घ्यायला आली.

"साता आहे ना, बेटा?" त्यांनी विचारलं.

विधीनं मान हलवली आणि बॉल घेतला. थोड्या वेळानं तिला बाहेर बसवलं.

सगळं संपल्यावर शेठ निवड करणाऱ्या बाईंकडं गेले. त्या स्वतः जुन्या खेळाडू, बोलायला मायाळू. शेठनी हात जोडले. "बाई, तिनं आठ उपवास केलेत. कडक. परवाच पुरे झाले." सांगताना आवाजात विनंती होती आणि खोल कुठं तरी अजून थोडा अभिमानही होता. गेले काही दिवस हे वाक्य ऐकून समोरचा माणूस नमस्कारच करत आला होता.

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आठ उपवासांनंतर ती पळाली? शेठजी, मग तिला इथं आणलंत कशाला?"

शेठकडं उत्तर होतं. शब्द दिला होता म्हणून आणलं. पण ते त्यांना बोलता आलं नाही. बाईंनी मऊपणानं सांगितलं की आज जिनं जसं खेळून दाखवलं तसंच लिहावं लागतं, पुढच्या वर्षी जरूर या.

पुढचं वर्ष आलं नाही. म्हणजे कॅलेंडरवर आलं, लीगला आलं नाही. दिपमालाची निवड झाली होती. तिचे सामने एकाच हॉलमध्ये, खर्च वाचवायला पंखे बंद ठेवून, रिकाम्या खुर्च्यांपुढं झाले. मधेच पैसे लावणारी मंडळी निघून गेली, आणि दिपमालाही परत आली, गुडघ्याला पट्टा बांधून. ती आता पिंपळनेरला पोलीस भरतीच्या पोरांना पळवते. स्वतः खुर्चीवर बसून शिट्टी वाजवते.

त्यामुळं गावानं निकाल लावून टाकला की विधीचं तसं काही गेलं नाही. अर्पितनं एकदा हे दुकानात बोलूनही दाखवलं. "बरं झालं, वाचलीस. नाही तर तूही लंगडत आली असतीस."

विधी डब्यांची झाकणं लावत होती. म्हणाली, "तिला कळलं, ती किती खेळू शकते ते. मला काय कळलं?"

शेठ परात पुसत राहिले, ती आधीच पुसलेली होती. संगमनेरचा विनोद त्यांनी पुन्हा केला नाही. हसवायची सवयही हळूहळू सुटली. गिऱ्हाईक कमी करा म्हणालं की पूर्वी ते म्हणत, "अहो, भांडं तुमच्या सुनेच्या सुनेला पुरेल, भाव तिच्याशी करा." आता नुसती मान हलवतात.

विधी रोज दुकानात असते. नानांकडं जात नाही. नाना दुकानावरून जाताना पलीकडच्या बाजूनं जातात. आणि दुकानातला आवाज बंद झाला आहे. पुण्याहून आल्यावर पहिल्याच दिवशी तोतारामनं माळ्यावरून पातेलं पुढं केलं, तशी ती म्हणाली, "तोतारामभाऊ, हातात आणून द्या." तोतारामचे गुडघे आता म्हातारे आहेत. तरी प्रत्येक भांड्यासाठी तो शिडी उतरतो आणि पुन्हा चढतो. कारण विचारत नाही. पारसभाऊ किंवा अर्पित खाली उभे राहिले तरी फेकत नाही. दुकानात एकदम इतकं शांत झालं की नवखं गिऱ्हाईकही आता दचकत नाही.

परवा मी समोरच उभा होतो. एक बाई आल्या, स्थानकातल्या असाव्यात. विधीकडं बघून त्यांचा चेहरा उजळला. "तूच ना ग, अठ्ठाईवाली?"

"हो," विधी म्हणाली.

"या वर्षी अकराची कर. तुला जमेल."

विधीनं विचारलं, "काय दाखवू?"

बाईंना घागर हवी होती. तोताराम माळ्यावरून घागर घेऊन शिडीकडं वळला, तेव्हा गादीवरून रतनशेठ म्हणाले, "उतरू नको. वरूनच सोड."

तोताराम थांबला. त्यानं विधीकडं पाहिलं. विधी माळ्याखालीच होती, वर्षानुवर्षं उभी राहायची तिथंच.

"शेठ, राहू द्या," तोताराम म्हणाला.

"सोड म्हटलं ना. ती घेईल." शेठ उठून उभे राहिले होते. हुकूम नव्हता तो. म्हातारा माणूस आर्जव करत होता, आणि त्याला आर्जव करायची पद्धत माहीत नव्हती.

तोतारामनं घागर सोडली. पूर्वी सोडायचा तशीच, हलक्या हातानं, तिच्या उजव्या खांद्याच्या रोखानं. विधीनं वर पाहिलं. घागर खाली येताना पाहिली. हात उचलले नाहीत, फक्त एक पाऊल बाजूला झाली.

बाईंनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. आवाज रस्त्यापलीकडं गेला. घागर फिरत फिरत उंबऱ्यापाशी जाऊन थांबली.

विधीनं ती उचलली, फडक्यानं पुसली, उजेडात फिरवून पोचा शोधला आणि त्यात अंगठा ठेवला. "दादाजी, ही आता विकता येणार नाही."

"असू दे," शेठ म्हणाले. ते खाली बसले होते.

"कुठं ठेवू?"

शेठनी दुकानभर नजर फिरवली. परातींची भिंत, डब्यांची उतरंड, तांब्यांची रांग. पोचा आलेलं भांडं ठेवायला त्या दुकानात जागा नव्हती. इतक्या वर्षांत ती लागलीच नव्हती. विधी घागर कडेवर घेऊन उत्तराची वाट बघत उभी राहिली, आणि दुसरी घागर घेऊन तोताराम शिडी उतरायला लागला.